भारतीय फुटबॉलमधील उपेक्षित खेळाडू

भारतीय फुटबॉलमधील उपेक्षित खेळाडू या संज्ञेने मुख्यतः १९४८ ते १९६२ या काळात भारताकडून खेळलेल्या आणि मैदानावरील कामगिरीच्या तुलनेत राष्ट्रीय सन्मानापासून वंचित राहिलेल्या फुटबॉलपटूंचा निर्देश केला जातो. नेव्हिल डिसूझा, समर ऊर्फ बदरू बॅनर्जी, डॉ. तालिमेरेन आओ, साहू मेवालाल, अहमद खान, फोर्तुनातो फ्रँको ही त्यांतील प्रमुख नावे होत. अर्जुन पुरस्कार मिळूनही पद्म सन्मानापर्यंत न पोहोचलेले तुलसीदास बलराम यांचाही समावेश या यादीत बहुधा होतो. अनेक देशांत जुन्या खेळाडूंची योग्यता ठरावीक काळानंतर पुन्हा तपासून त्यांना ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, म्हणजे कीर्तिदालनात स्थान दिले जाते. भारतीय फुटबॉलमध्ये अशी परंपरा रुजली नाही आणि सन्मानाचा सगळा भार शासकीय पुरस्कारांवर राहिला. हे पुरस्कार कधी सुरू झाले आणि कोणत्या पद्धतीने दिले गेले, हे पाहिल्यावर उपेक्षेचे कारण बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

सुवर्णकाळ आणि पुरस्कारांचा काळ

स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ लंडन (१९४८), हेलसिंकी (१९५२), मेलबर्न (१९५६) आणि रोम (१९६०) अशा सलग चार ऑलिंपिक स्पर्धांत खेळला. त्यानंतर भारतीय संघाला ऑलिंपिकच्या मुख्य फेरीत प्रवेश मिळालेला नाही. याच काळात भारताने आशियाई क्रीडास्पर्धांत दोन सुवर्णपदके मिळवली. पहिले १९५१ साली दिल्लीत व दुसरे १९६२ साली जकार्तात. १९५० ते १९६३ या काळात संघाची घडण मुख्यतः हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाती होती.

अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. त्याचा निकष प्रामुख्याने नजीकच्या काळातील कामगिरी हा होता. त्यामुळे लंडन, हेलसिंकी आणि मेलबर्न गाजवून तोवर आंतरराष्ट्रीय मैदानावरून दूर झालेले खेळाडू पहिल्या दिवसापासूनच स्पर्धेबाहेर राहिले. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये आला, तेव्हा रहीम यांना जाऊन बावीस वर्षे झाली होती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार १९९२ पासूनचा आहे. जीवनगौरव स्वरूपाचा ध्यानचंद पुरस्कार २००२ मध्ये सुरू झाला. फुटबॉलच्या वाट्याला तो प्रथम २०११ साली शब्बीर अली यांच्या रूपाने आला. पद्म सन्मान सामान्यतः मरणोत्तर दिले जात नाहीत. सुवर्णकाळातील खेळाडूंच्या दृष्टीने या सर्व तारखांचा अर्थ एकच होता. खेळ आधी संपला, सन्मान नंतर आले.

दुसरी अडचण संख्येची होती. अर्जुन पुरस्काराच्या पहिल्या दशकात फुटबॉलला वर्षाला फार तर एक पुरस्कार मिळत असे. १९६१ मध्ये प्रदीपकुमार बॅनर्जी, १९६२ मध्ये बलराम, १९६३ मध्ये चुनी गोस्वामी, १९६४ मध्ये जर्नेल सिंग, १९६५ मध्ये अरुण घोष, १९६६ मध्ये युसुफ खान आणि १९६७ मध्ये पीटर थंगराज हा क्रम पाहिला, तर जकार्ताच्या सुवर्णविजेत्या संघाला जणू रांगेत उभे करून दरसाल एकाला बोलावले गेले असे दिसते. या सातही जणांच्या योग्यतेविषयी वाद नाही. परंतु फुटबॉल अकरा जणांचा खेळ आहे आणि रांग संपण्यापूर्वी ज्याची कारकीर्द संपली, त्याचे नाव पुकारले गेले नाही.

नेव्हिल डिसूझा

उपेक्षेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून नेव्हिल डिसूझा (१९३२–१९८०) यांचे नाव घेतले जाते. मूळचे गोव्याचे असलेले डिसूझा मुंबईत टाटा स्पोर्ट्‌स क्लब आणि पुढे कॅल्टेक्स या संघांकडून खेळत. त्यांची जागा आघाडीच्या मध्यभागी असे.

मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताची पहिली लढत हंगेरीशी होती. सोव्हिएत फौजांनी हंगेरीतील उठाव चिरडल्यानंतरच्या परिस्थितीत हंगेरीचा फुटबॉल संघ स्पर्धेत उतरला नाही आणि भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर १९५६ रोजी उपान्त्यपूर्व फेरीत भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. नवव्या मिनिटाला डिसूझांनी भारताचे खाते उघडले. मॉरो यांनी बरोबरी साधली. तेहेतिसाव्या मिनिटाला डिसूझांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली. मध्यंतरापूर्वी मॉरो यांनी पुन्हा बरोबरी केली. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांनी डिसूझांनी तिसरा गोल केला आणि अखेरच्या टप्प्यात कृष्ण किट्टू यांनी चौथा गोल करून ४–२ असा विजय पक्का केला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे डिसूझा हे पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपान्त्य फेरी गाठणारा भारत हाही पहिलाच आशियाई संघ होता.

डिसूझांच्या हॅट्‌ट्रिकची चर्चा नेहमी होते. उपान्त्य सामन्यातील त्यांच्या गोलाची तितकी होत नाही. वास्तविक तो गोल अधिक मोलाचा मानावा लागेल. ४ डिसेंबरला समोर युगोस्लाव्हिया होता. याच देशाने चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत भारताला १०–१ असे लोळवले होते. १९४८ आणि १९५२ या दोन्ही ऑलिंपिक स्पर्धांत त्याने रौप्यपदक मिळवले होते आणि मेलबर्नलाही त्याला रौप्यपदकच मिळाले. अशा संघाला भारताने मध्यंतरापर्यंत गोल करू दिला नाही आणि बावन्नाव्या मिनिटाला डिसूझांनी भारताला आघाडीही मिळवून दिली. ही आघाडी जेमतेम दोन मिनिटे टिकली. पापेट्‌स यांनी दोन व वेसेलिनोविच यांनी एक गोल केला, त्यात एका स्वयंगोलाची भर पडली आणि भारत १–४ असा हरला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३–० असे हरवले.

डिसूझा चार गोलांसह स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्तपणे पहिले होते. त्यांच्यासोबतचे दोघे म्हणजे बल्गेरियाचे मिलानोव्ह आणि युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच. वेसेलिनोविच पुढे १९५८ च्या विश्वचषक स्पर्धेतही खेळले. डिसूझा मात्र मुंबईच्या मैदानांवर परतले. १९५८ साली रोव्हर्स चषक जिंकणाऱ्या कॅल्टेक्सशी त्यांचे नाव जोडलेले आहे. वयाची पन्नाशीही न गाठता १९८० साली त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार किंवा पद्म सन्मान त्यांना मिळाला नाही. मुंबईत वांद्र्याच्या एका फुटबॉल मैदानाला त्यांचे नाव आहे. तेथे खेळणाऱ्या कित्येक मुलांना हे नाव आधी मैदानाचे म्हणूनच ठाऊक होते.

त्यांच्या विस्मरणामागे आणखी एक कारण संभवते. कोलकात्यात मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडन स्पोर्टिंग हे शतकाचा वारसा सांगणारे क्लब आहेत. जुन्या खेळाडूंच्या तसबिरी लावणे, त्यांच्या नावाने सोहळे करणे आणि शासनदरबारी शब्द टाकणे हे त्या क्लबांच्या व त्यांच्या समर्थकांच्या अंगवळणी पडले आहे. मुंबईचे फुटबॉल प्रामुख्याने कंपन्यांच्या संघांवर उभे होते. खेळाडूला नोकरी मिळे आणि संध्याकाळी सराव होई. कंपनीचे धोरण बदलले की संघ बंद होत असे. कॅल्टेक्सचा भारतातील व्यवसाय सत्तरच्या दशकात सरकारकडे गेला. १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स चषक स्पर्धाही या शतकाच्या आरंभी थांबली. ज्या संघासाठी डिसूझा खेळले तो राहिला नाही, कूपरेज मैदानाची ज्या स्पर्धेमुळे देशभर ख्याती होती तीही राहिली नाही. आठवण जपण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहिला.

बदरू बॅनर्जी आणि मेलबर्नचा संघ

मेलबर्न संघाचे कर्णधार समर ऊर्फ बदरू बॅनर्जी (१९३०–२०२२) हे मोहन बागानचे खेळाडू. फुटबॉलसाठी त्यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले. त्यांच्या क्लबने २००९ साली त्यांना ‘मोहन बागान रत्न’ हा आपला सन्मान दिला. मेलबर्ननंतर ते पासष्ट वर्षांहून अधिक काळ हयात होते. या प्रदीर्घ काळात केंद्र शासनाचा अर्जुन किंवा पद्म यांपैकी एकही सन्मान त्यांच्यापर्यंत आला नाही. डिसूझांच्या बाबतीत अकाली मृत्यूचे निमित्त सांगता येते, तसे येथे सांगता येत नाही.

याच संघात गोलरक्षक एस. एस. नारायण होते. केरळमध्ये जन्मलेले नारायण मुंबईत वाढले, टाटा व कॅल्टेक्सकडून खेळले आणि मेलबर्न व रोम अशा दोन्ही ऑलिंपिक संघांत त्यांची निवड झाली. थंगराज यांच्यासारखा उंचापुरा समकालीन गोलरक्षक असल्यामुळे नारायण यांचे नाव नेहमी दुसरे राहिले.

लंडन ते दिल्ली : आओ, मेवालाल, अहमद खान

लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय संघाचे नेतृत्व डॉ. तालिमेरेन आओ (१९१८–१९९८) यांनी केले. तत्कालीन नागा टेकड्यांच्या प्रदेशातून कोलकात्यात वैद्यकीय शिक्षणासाठी आलेले आओ मोहन बागानच्या बचावफळीत खेळत. उद्‌घाटन संचलनात स्वतंत्र भारताचा ध्वज त्यांच्या हाती होता. ३१ जुलै १९४८ रोजी फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. सारंगपाणी रामन यांनी भारताचा पहिला ऑलिंपिक गोल केला. भारताने दोन पेनल्टी दवडल्या आणि फ्रान्सने अखेरच्या मिनिटांत गोल करून सामना २–१ असा जिंकला. आओ यांनी त्यानंतर डॉक्टरकी पूर्ण केली आणि नागालँडच्या आरोग्यसेवेत संचालकपदापर्यंत काम केले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिंपिक फुटबॉल कर्णधाराला हयातीत राष्ट्रीय क्रीडा पुरस्कार मिळू नये, याचे नवल कोणालाही वाटावे. ईशान्य भारतातील खेळाडूंची देशाला खरी ओळख बायचुंग भुतिया यांच्यापासून झाली असा समज आजही आढळतो; त्याच्या अर्धशतक आधी आओ भारताचे कर्णधार होते.

साहू मेवालाल (मृत्यू २००८) हे बिहारमध्ये जन्मलेले आणि कोलकात्यात नावारूपाला आलेले आघाडीपटू. १९५१ च्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराणविरुद्धचा विजयी आणि एकमेव गोल त्यांचा होता. स्वतंत्र भारताला कोणत्याही मोठ्या फुटबॉल स्पर्धेत मिळालेले पहिले सुवर्णपदक या एका गोलाने निश्चित झाले. गोलाकडे पाठ असताना उसळून मारलेल्या फटक्यासाठी ते प्रसिद्ध होते.

अहमद खान (मृत्यू २०१७) हे बंगळूरुचे. ईस्ट बंगालच्या ज्या पाच आघाडीपटूंना प्रेक्षकांनी ‘पंचपांडव’ हे नाव दिले, त्यांतील ते एक. व्यंकटेश, अप्पाराव, धनराज आणि सालेह हे बाकीचे चौघे. या पाचांच्या काळात ईस्ट बंगालने १९४९ ते १९५१ अशी सलग तीन वर्षे आयएफए शील्ड जिंकली. अहमद खान लंडन व हेलसिंकी या दोन्ही ऑलिंपिक स्पर्धांत खेळले. हेलसिंकीत युगोस्लाव्हियाविरुद्धच्या दारुण पराभवात भारताचा एकमेव गोल त्यांनी केला होता.

तुलसीदास बलराम

बलराम (मृत्यू २०२३) यांची गणना सरसकट उपेक्षितांत करता येत नाही, कारण १९६२ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला होता. तरीही या चर्चेत त्यांचे नाव हटकून येते. चुनी गोस्वामी, प्रदीपकुमार बॅनर्जी आणि बलराम ही त्रयी भारतीय फुटबॉलमध्ये एका दमात उच्चारली जाते. पैकी गोस्वामींना १९८३ मध्ये आणि बॅनर्जींना १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. बलराम यांना ती अखेरपर्यंत मिळाली नाही.

सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्यात गरिबीत वाढलेले बलराम विशीच्या उंबरठ्यावर मेलबर्नच्या संघात आले. चार वर्षांनी रोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी हंगेरी आणि पेरू या दोघांविरुद्ध गोल केले. त्या स्पर्धेत भारताचे एकूण गोलच तीन होते. तिसरा बॅनर्जींनी फ्रान्सविरुद्ध केला. १९६१ मध्ये ईस्ट बंगालचे कर्णधार असताना त्यांनी कोलकाता लीग जिंकून दिली आणि सर्वाधिक गोलही केले. जकार्ताच्या सुवर्णपदकानंतर थोड्याच काळात फुफ्फुसाच्या विकारामुळे त्यांना ऐन भरात खेळ सोडावा लागला. पुढे बॅनर्जी प्रशिक्षक म्हणून गाजले, गोस्वामी क्रिकेटमध्येही चमकले आणि दोघेही सतत लोकांसमोर राहिले. बलराम हे अबोल आणि भिडस्त होते. योग्यता सारखी असूनही दृश्यमानता सारखी नसली की काय होते, याचे उदाहरण म्हणून त्यांच्याकडे पाहता येते.

जकार्ताचे मुंबईकर

१९६२ चा अंतिम सामना भारताने दक्षिण कोरियाविरुद्ध २–१ असा जिंकला. इस्रायल आणि तैवान यांना वगळण्याच्या प्रश्नावर भारतीय प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी घेतलेल्या भूमिकेमुळे जकार्तात वातावरण तापलेले होते आणि प्रेक्षक उघडपणे भारताच्या विरोधात होते. डोक्याला टाके पडलेले जर्नेल सिंग बचाव सोडून आघाडीवर खेळले आणि त्यांनी गोल केला, ही कथा सुपरिचित आहे. त्याच संघात मुंबईचे दोन खेळाडू होते, याची आठवण फारशी काढली जात नाही. बार्देशातील कोलवाळ येथे जन्मलेले आणि बालपणीच मुंबईत आलेले फोर्तुनातो फ्रँको टाटा स्पोर्ट्‌सकडून मध्यफळीत खेळत. १९६४ च्या आशिया चषकात उपविजेत्या ठरलेल्या भारतीय संघातही ते होते. गुडघ्याच्या दुखापतीने १९६६ च्या सुमारास त्यांची कारकीर्द संपली, तेव्हा अर्जुन पुरस्काराची वर उल्लेखिलेली रांग अजून चालूच होती. दुसरे ओ. चंद्रशेखर हे केरळचे, पण कॅल्टेक्सचे बचावपटू. रोम ऑलिंपिकच्या संघातही ते होते.

फ्रँको यांचे मे २०२१ मध्ये निधन झाले. नारायण आणि चंद्रशेखर यांचे निधन त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, तीन आठवड्यांच्या आत झाले. तिघांपैकी कोणालाही अर्जुन पुरस्कार मिळाला नव्हता.

महिला फुटबॉल

महिला खेळाडूंच्या बाबतीत उपेक्षा अधिक खोल आहे, कारण तेथे मूलभूत नोंदीही तुटपुंज्या आहेत. भारतीय महिला संघ १९८० साली कालिकत येथे आणि १९८३ साली बँकॉक येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचा उपविजेता ठरला. शांती मलिक यांना १९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यानंतर एखाद्या महिला फुटबॉलपटूला हा पुरस्कार मिळण्यास २०१७ साल उजाडावे लागले. तो मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवी यांना मिळाला. मधल्या चौतीस वर्षांत भारतात महिला फुटबॉल खेळले जातच होते. दोन उपविजेतेपदे मिळवणाऱ्या त्या संघांतील बहुतेक खेळाडूंची नावेही आज सामान्य वाचकाला सांगता येत नाहीत.

आक्षेप

या खेळाडूंच्या बाजूने केल्या जाणाऱ्या दाव्यांवर काही आक्षेप घेतले जातात आणि ते सर्वच निराधार नाहीत. मेलबर्नमध्ये केवळ अकरा संघ होते. हंगेरीने माघार घेतल्याने भारत एका विजयावर उपान्त्य फेरीत गेला. ऑस्ट्रेलियाचा संघ त्या काळी आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये नवखा होता. ऑलिंपिक फुटबॉल हौशी खेळाडूंपुरते मर्यादित असल्याने त्याची तुलना विश्वचषकाशी करता येत नाही, हेही खरे आहे. मात्र पूर्व युरोपातील देश आपले सर्वोत्तम खेळाडूच ‘हौशी’ म्हणून उतरवीत असत. युगोस्लाव्हियाविरुद्धचा डिसूझांचा गोल या आक्षेपाच्या कक्षेत येत नाही. शिवाय एका स्पर्धेवरून खेळाडूची थोरवी ठरवावी का, हा प्रश्न डिसूझांपुरता विचारता येईल. दोन ऑलिंपिक खेळलेले अहमद खान किंवा आशियाई सुवर्णपदक मिळवून देणारे मेवालाल यांच्याविषयी तो लागू पडत नाही.

निवृत्तीनंतर पुरस्कार देता येत नाही, हा युक्तिवादही टिकणारा नाही. गोव्याचे गोलरक्षक ब्रह्मानंद संखवाळकर यांनी ऐंशीच्या दशकात भारताचे नेतृत्व केले. त्यांना अर्जुन पुरस्कार १९९७ मध्ये आणि पद्मश्री २०२२ मध्ये मिळाली. इच्छा असली की मागे वळून पाहता येते, हे त्यावरून दिसते.

कीर्तिदालनाचा पर्याय

इंग्लंडमधील राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने २००२ साली हॉल ऑफ फेम सुरू केले आणि त्यात दिवंगत, तसेच दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या खेळाडूंनाही स्थान दिले. अमेरिकन फुटबॉल हा वेगळाच खेळ. परंतु त्याच्या ओहायो राज्यातील कँटन येथील कीर्तिदालनात (स्थापना १९६३) ज्येष्ठ खेळाडूंसाठी स्वतंत्र प्रवर्ग आहे. निवृत्त होऊन बराच काळ लोटलेल्यांचा विचार त्यात वेगळा होतो, म्हणजे ताज्या नावांच्या गर्दीत जुने नाव हरवत नाही. भारतीय फुटबॉलला नेमकी हीच सोय उपलब्ध नाही. आशियाई फुटबॉल महासंघाने २०१४ मध्ये आपले हॉल ऑफ फेम सुरू केले, तेव्हा पहिल्या दहा जणांत भारताचे बायचुंग भुतिया होते. १९५१, १९५६ किंवा १९६२ च्या संघांतील कोणी नव्हते.

भारतात अशा प्रवर्गाची रचना करायची झाल्यास पहिली अडचण नोंदींची येईल. पन्नाशीच्या दशकातील सामन्यांचे चित्रण जवळजवळ नाही. संघयाद्या, गोल करणाऱ्यांची नावे आणि मिनिटे यांसाठी त्या काळच्या वृत्तपत्रांवर विसंबावे लागते आणि त्यांतही नावांची स्पेलिंगे निरनिराळी आढळतात. मेलबर्न व जकार्ता येथे खेळलेल्यांपैकी फारच थोडे आता हयात आहेत. क्लबांची जुनी दप्तरे, खेळाडूंच्या कुटुंबांकडील कात्रणे व छायाचित्रे आणि मुंबई, कोलकाता, हैदराबाद व बंगळूरु येथील वृत्तपत्रांचे जुने अंक हीच या विषयाच्या अभ्यासाची उरलेली साधने आहेत.